खाज कुठली, ट्यूब कुठली

मृगाच्या दोन सरी पडल्या की अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनबाहेर, मलंगगडाच्या बाजूच्या आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. जुडीबरोबर मूठभर काकडं मिळतात. त्यांच्या आंबट रसाशिवाय शेवळाची भाजी घशाला खाजते, हे जुन्या घरांत सगळ्यांना ठाऊक. नव्या बिल्डिंगमधल्या सुनेला मात्र हातांना तेल चोळायचं कुणी सांगितलेलं नसतं. ती कोरड्या हातांनी जुडी चिरते आणि भाजी शिजायच्या आत बोटांच्या बेचक्या चुरचुरायला लागतात. मग निदानं सुरू होतात. सासूबाई म्हणतात गरमी, शेजारीण म्हणते रक्त बिघडलंय, आणि मेडिकलवाला काहीच न म्हणता ट्यूब पुढे करतो.

यातलं एकही खरं नाही. शेवळ, सुरण, अळू या एकाच कुळातल्या वनस्पती आणि त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चिरताना ते कातडीत रुततात. ही अ‍ॅलर्जी नव्हे, सरळसरळ टोचणी आहे. हात धुतले, थोडी कळ काढली की बहुधा काही तासांत उतरते. पुरळ पंधरा दिवस हटत नसेल, तर शेवळाला दोष देण्यात अर्थ नाही.

तेव्हा पुरळाचं नाव शोधण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: नेमकी जागा कुठली, खाज कधी वाढते आणि घरात आणखी कोण खाजवतंय.

बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक पुटकुळ्या, अंथरुणात शिरल्यावर वाढणारी खाज आणि शेजारी झोपणारं पोरही खाजवतंय, एवढं जुळलं तर खरजेचा संशय घ्यावा. हा शब्द ऐकला की घरातली माणसं दुखावतात. “आम्ही रोज दोन वेळा आंघोळ करतो हो!” करत असतील. खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणून अंडी घालते, तिथवर ना साबण पोचतो ना जंतुनाशकाचं पाणी. निरखून पाहिलं तर कधी कधी हा बोगदा राखाडी दोऱ्याच्या तुकड्यासारखा दिसतोही. गंमत म्हणजे एवढं सगळं अंग खाजवणाऱ्या माणसावर साधारण 10 ते 15 किडेच असतात. खाज येते ती किडे, त्यांची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध शरीराने काढलेल्या कुरबुरीमुळे. ही कुरबुर पहिल्या खेपेला सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

घोळ नेमका इथे होतो. “मला कुठे खाज आहे?” म्हणून नवरा औषध लावत नाही, आणि महिन्याभरात खरूज घरभर पुन्हा फिरते. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडा न सोडता, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं आणि साधारणपणे आठवड्याने पुन्हा एकदा. तान्ह्या बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी आधी डॉक्टरांना विचारायचं. चादरी आणि कपडे कडक गरम पाण्यात धुवावेत, नाहीतर पिशवीत घट्ट बांधून तीनेक दिवस बाजूला ठेवावेत. अंगाबाहेर किडा त्याहून फारसा जगत नाही. औषध लागू पडल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळू शकते, म्हणून लोक घाबरून मलम रोज चोपडतात. त्याने फक्त कातडी सोलवटते.

दुसरी तऱ्हा अगदी वेगळी. बोटांच्या कडांना आणि तळव्यावर खोलवर बसलेले, पाण्याने भरलेले बारीक फोड. वैद्यकाच्या पुस्तकांतही त्यांना साबुदाण्याचीच उपमा आहे आणि भिजवलेला साबुदाणा रोज बघणाऱ्याला ती लगेच पटावी. याला पॉम्फॉलिक्स म्हणतात. 1873 साली टिलबरी फॉक्स या इंग्रज डॉक्टराने घामाच्या ग्रंथी बिघडल्याने हे होतं असं मानून याला डिसहायड्रोसिस हे नाव दिलं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली घामाच्या नळ्यांचा काही संबंध दिसला नाही, नाव मात्र चिकटून राहिलं. आपल्याकडे हा फोड ‘गरमीचा’ ठरतो आणि सब्जा, गुलकंद सुरू होतं. उन्हाळ्यात हे फोड वाढतात हे खरं; पण हा एक्झिमाचा प्रकार आहे. तो हात मिळवून पसरत नाही. मात्र एकदा चपला काढून पायाच्या बोटांच्या बेचक्या बघाव्यात. तिथे चिखल्या, म्हणजे बुरशी असेल तर तिची प्रतिक्रिया म्हणूनही हातांवर असे फोड उठतात, आणि तेव्हा औषध पायांना लावावं लागतं.

चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे हात भेगाळले की ती साबण बदलते. साबणाचा वाटा असतोच, पण पाण्याचाही असतो. दिवसात दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहिले की कातडीचं तेलकट अस्तर धुपतं. कितीही सौम्य साबण आणला तरी वेळ तोच राहतो. आत सुती आणि बाहेर रबरी हातमोजे, अंगठी काढून ठेवणं, हात पुसले की लगेच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल, यांनी फरक पडतो.

आता ती ट्यूब. शेजारच्याला लागू पडलेली, दोन दिवसांत खाज थांबवणारी, आणि अनेकदा बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि जबरदस्त स्टेरॉइड अशी तिहेरी खिचडी असलेली. खाज थांबते ती स्टेरॉइडमुळे. गजकर्ण असेल तर त्याची गोल कड पुसट होते, पण स्टेरॉइडने तिथला प्रतिकार दाबल्यामुळे बुरशी आत पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञ या वेषांतर केलेल्या गजकर्णाला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणतात. ट्यूब थांबवली की पुरळ दुप्पट उसळतं, म्हणून माणूस दुसरी आणतो. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइड्स अनुसूची ‘एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी काउंटरवर हात पुढे केला की ट्यूब मिळते, हे कुणाला सांगायला नको. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांत सापडलेल्या, टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद न देणाऱ्या बुरशीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ असं नाव दिलं. आपलं नाव असं गाजावं याचा अभिमान वाटायचं कारण नाही.

याउलट स्टेरॉइड म्हणजे विषच, असं मानून एक्झिमाचा रुग्ण तळव्याच्या रक्ताळलेल्या भेगा घेऊन बसतो, तेही चूक. तळव्याची कातडी जाड असते. तिथे डॉक्टरांनी मोजून दिलेलं स्टेरॉइड हेच बऱ्याचदा पहिलं औषध असतं.

“घरगुती आहे, अपाय नाही” हा आणखी एक लाडका समज. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. दुसऱ्या महायुद्धात भारतातल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर चट्टे उठू लागले, कारण धोब्याने कॉलरला बिब्ब्याची खूण केलेली असे. 1943 मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. लिंबू चोळून उन्हात गेलं तरी हात भाजल्यासारखे काळवंडतात. लसूण धरणाऱ्या हाताच्या अंगठ्याला आणि पुढच्या दोन बोटांना भेगा पडतात. कारण लसणातलंच रसायन असतं, आणि त्यावर कुणी लसूणच ठेचून लावतं!

वांगी आणि अंडी बंद करून किंवा रक्ताच्या महागड्या अ‍ॅलर्जी तपासणीने हातावरच्या संपर्कजन्य पुरळाचं कारण सहसा कळत नाही. त्यासाठी पॅच टेस्ट असते. संशयित पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवतात, 48 तासांनी काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. तेवढे दिवस पाठ कोरडी ठेवावी लागते, म्हणून आपल्या दमट उन्हाळ्यात लोक कंटाळतात.

पू झाला, हात सुजून लाल झाला किंवा ताप आला तर वाट पाहू नये. एरवी डॉक्टरांकडे जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, अर्ध्या पिळलेल्या आणि नाव पुसलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात. आणि मोजे काढावे लागतील अशा तयारीने जावं.