सारा गप्प का झाली?

मैत्रिणींनो, कुणी टोमणा मारला की त्याचं खणखणीत उत्तर आपल्याला नेमकं रात्री भांडी घासताना सुचतं, हो ना? माझं तर नेहमीचंच! म्हणूनच कझाकस्तान-किरगिझस्तानातल्या ‘अकीन’ मंडळींचं मला भारी कौतुक वाटतं.

हे शीघ्रकवी. ‘आयतिस’ या सामन्यात दोघं आमनेसामने बसतात. कझाकांच्या हाती दोन तारांचा दोम्बरा, किरगिझांच्या हाती तीन तारांचा कोमूझ. एकानं गाण्यातून चिमटा काढायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथे रचून तो परतवायचा. आपल्या कलगी-तुऱ्यातले सवाल-जवाबच म्हणा ना! २०१५ मध्ये युनेस्कोनं ही कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

यात बायकाही मागे नाहीत. सारा आणि बिरझान यांचा सामना तिकडे घरोघरी ठाऊक. तो १८७१ साली झाला, असं मानतात. बिरझान नामांकित, पण तरुण सारा काही हार मानेना. शेवटी तो म्हणाला, ‘तुझा होणारा नवरा दाखव.’ वधूमूल्य घेऊन तिचं लग्न मनाविरुद्ध ठरवलेलं. सारा गप्प झाली. या कथेवर मुकान तुलेबायेव यांनी १९४६ मध्ये ऑपेराही केला.

मला वाटतं, सारा कवितेत हरलीच नाही. तिला हरवलं ते त्या ठरवलेल्या लग्नानं. आमच्या महिला मंडळातही अशा सारा भेटतात. एरवी बोलण्यात पटाईत, पण स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की मान खाली! त्यांना बोलतं करायचं, तर आधी आपण ऐकायला बसायला हवं.