वैद्यकीय इच्छापत्र : आधी समजून घ्या, मग सही करा

'लिव्हिंग विल' म्हटले की बहुतेकांना घर-जमिनीचे मृत्युपत्र आठवते. ही गोष्ट निराळी आहे. पुढे बरे होण्याची आशा उरली नाही आणि निर्णय सांगण्याची शुद्धही राहिली नाही, तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणे म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची गरज आता नाही.

मात्र भाषा अवघडच राहिली. 'जीवनरक्षक प्रणाली', 'कृत्रिम पोषण' असे शब्द ऐकून रुग्ण मान डोलावतो आणि सही करतो. पुढे अतिदक्षता विभागाच्या दाराशी मुलगा म्हणतो, नळी घाला. मुलगी म्हणते, आईचे हाल नकोत. आईच्या मनात काय होते, ते कागदावरून कळत नाही.

म्हणून सहीपूर्वी आपल्या डॉक्टरांकडून शब्दांचे अर्थ समजून घ्या :

व्हेंटिलेटर : घशातून श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास देणे. ही नळी असताना बोलता येत नाही.

सीपीआर : बंद पडलेले हृदय छाती जोराने दाबून सुरू करण्याचा प्रयत्न. यात बरगड्या मोडू शकतात.

नाकातील नळी : पातळ अन्न थेट पोटात सोडणे.

डायलिसिस : मूत्रपिंडाचे काम यंत्राने करणे.

मग तेच आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगा. सांगता आले, तर समजले.

सही केली म्हणजे उपचार बंद होतात का? नाही. शुद्धीवर असेपर्यंत आपलाच शब्द अखेरचा. वेळ आली तरी डॉक्टरांची दोन मंडळे खात्री करून घेतात. वेदना कमी करणारी औषधे आणि शुश्रूषा चालूच राहते. इंजेक्शन देऊन मृत्यू आणण्याशी याचा संबंध नाही. त्याला कायद्याची परवानगीही नाही. विचार बदलला, तर इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते.

आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू व्यक्तीचे नाव त्यात लिहा. एक प्रत तिला, एक आपल्या डॉक्टरांना द्या.

दिवाळीला मुले घरी जमली की हा विषय काढा. 'अभद्र बोलू नका,' असे म्हणतील. तरी बोला. तुमची इच्छा त्यांना ठाऊक असली, तर उद्या निर्णयाचे ओझे त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर पडणार नाही.