ज्वालामुखीच्या धुरावर झोताचा मारा?

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या रस शुद्धीकरण विभागात डोकावलात, तर आधी नाक झोंबतं, मग खोकला येतो. गंधक जाळून त्याचा वायू चुना घातलेल्या उसाच्या रसात सोडतात. साखर पांढरी निघते ती त्यामुळे. अहिल्यानगरच्या ऊसपट्ट्यात याचं कुणाला अप्रूप नाही.

हाच सल्फर डायऑक्साइड ज्वालामुखी ओकतो. आपल्या अकोले तालुक्यातली कळसूबाई (१६४६ मीटर) मुळी लाव्ह्याच्या थरांवर थर चढूनच उभी राहिली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या हवेची काय दशा झाली असेल! अलीकडचा दाखला फिलिपिन्सच्या पिनाटुबोचा. जून १९९१ मध्ये त्यानं सुमारे १.५ कोटी टन गंधकवायू वर फेकला आणि जगाचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं.

अवकाशातून कणांचा झोत सोडून असा धूर निवळावा, ही कल्पना ऐकायला झकास आहे. अगदीच निराधारही नाही. पोलंडच्या पोमोझानी वीजकेंद्रात धुरावर इलेक्ट्रॉनांचा मारा करत. त्यानं गंधकवायूचं आम्ल होतं, आणि अमोनिया मिसळला की अमोनियम सल्फेट, म्हणजे चक्क खत!

वरून मात्र पहिली आडकाठी हवेचीच. दहा लाख व्होल्टनी पळवलेला इलेक्ट्रॉन जमिनीलगत चारेक मीटरांत थांबतो. अवकाशातून सोडला तर ५०-६० किलोमीटर उंचीवरच जिरतो. पिनाटुबोचा ढग मुख्यतः २०-२५ किलोमीटरवर होता. शिवाय पृथ्वीचं चुंबकत्व अशा झोताला वाकवतं. ते टाळायला जुलै १९८९ मध्ये अमेरिकेनं रॉकेटवरून विद्युतभार नसलेल्या हायड्रोजन अणूंचा झोत सोडून पाहिला. डोळा अर्थातच शत्रूच्या क्षेपणास्त्रांवर, हवेच्या आरोग्यावर नव्हे.

समजा, ऊर्जा शंभरपट वाढवून झोत ढगापर्यंत नेला. खरी गोम पुढेच आहे. तापमान उतरवतात ते गंधकाम्लाचे बारीक थेंब, आणि वायूचे थेंब करण्याचं काम निसर्ग काही महिन्यांत उरकतोच. झोत त्याला हातभारच लावील. वर नायट्रोजनची ऑक्साइडं तयार करून ओझोनही खाईल. वीजकेंद्रात खत यंत्रात अडकतं, आकाशात ते कोण गोळा करणार? आणि अमोनिया? एकट्या पिनाटुबोसाठी साधारण ८० लाख टन. त्याच अमोनियापासून युरिया बनतो. गोणीसाठी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हा आकडा जरा सांगून बघा.