रानांत चरलेली कोंबडी व घरचें जेवण

आठवड्याच्या बाजारीं एक चमत्कारिक देवघेव आपण सर्वच पाहतों. परसांत वाढलेली गांवठी कोंबडी शेतकरी पाय बांधून बाजारांत नेतो, चांगल्या भावानें विकतो, आणि परततांना त्याच पैशांतून ब्रॉयलरचें किलोभर मांस घरीं आणतो. हिशेबाच्या दृष्टीनें यांत वावगें कांहीं नाहीं. गांवठीस ब्रॉयलरहून पुष्कळ अधिक भाव मिळतो, आणि रोख पैशाची नड कोणास नसते? परंतु आपल्या रानांत वाढलेला पक्षी वर्षांतून चार वेळांही आपल्या मुलांच्या ताटांत येऊं नये, ही गोष्ट आम्हांस खटकते.

पैशाखेरीज याचें दुसरें एक कारण स्वयंपाकघरांतून ऐकूं येतें. गांवठी लवकर शिजत नाहीं, चिवट लागते, अशी तक्रार असते. आणि ती खोटी नाहीं. ब्रॉयलर पांचसहा आठवड्यांत दोन किलोंच्या घरांत जातो. इतक्या कोंवळ्या वयाचें व फारशी हालचाल न करतां वाढलेलें मांस अर्ध्या तासाच्या आंत शिजतें. गांवठी पक्ष्यास मात्र एक-सव्वा किलो भरण्यास पांचसहा महिने लागतात. तेवढ्या अवधींत तो उकिरडा उकरतो, वाळवी व नाकतोडे टिपतो, खळ्यावरचे दाणे वेंचतो आणि मुंगसाच्या भयानें पळतोही. त्याच्या मांड्यांचे स्नायू कामानें घट्ट होतात, व त्यांस बांधून ठेवणारे तंतू वयाबरोबर बळकट होत जातात. हे तंतू कोलॅजन नांवाच्या प्रथिनाचे असतात. जोराच्या जाळावर ते आखडतात. तेच मंद आंचेवर पाण्यांत दीड-दोन तास राहिले म्हणजे मऊ होऊन त्यांचें जिलेटिन बनतें व रश्श्यांत उतरतें. गांवठीचा रस्सा बोटांस चिकटतो तो यामुळें. म्हणजे ज्यास आपण चिवटपणा म्हणून नांवें ठेवतों, त्यांतूनच रश्श्याची दाटी निघते. ब्रॉयलरच्या रीतीनें गांवठी शिजविली तर ती बिघडणारच; दोष पक्ष्याचा नव्हे.

कोणता पक्षी कापावा, हें गृहिणीइतकेंच धन्यानेंही ठरविलें पाहिजे. अंड्यावर आलेली तलंग पाहुण्यांसाठीं कापणें हा निव्वळ तोटा होय. एका उबवणींतलीं निम्मीं पिलें नर निघतात, आणि दहा-बारा कोंबड्यांस एक कोंबडा पुरतो. उरलेले नर पांचव्या-सहाव्या महिन्यांत घरच्या जेवणास घ्यावे. अंडीं देण्याचें थांबलेली म्हातारी कोंबडी केवळ रश्श्याच्या कामाची, व तिला अडीच तास तरी द्यावे लागतात. बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें काढलेली गिरिराज किंवा हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराज ही जात परसांत सोडून पाळतां येते व गांवठीहून लवकर भरते. तिला शिजण्यास वेळही थोडा कमी लागतो. चवीस आम्ही आपल्या गांवठीलाच वरचा क्रम देऊं, पण हा आवडीचा प्रश्न आहे.

मोकळ्या फिरणाऱ्या पक्ष्याच्या पोटांत काय जातें याकडे मात्र कडक लक्ष असावें. औषध फवारलेल्या शेतांत कोंबड्या सोडूं नयेत, आणि बीजप्रक्रिया केलेलें उरलेलें बियाणें त्यांच्यापुढें पडूं देऊं नये. पशुवैद्यानें कांहीं औषध दिलें असेल तर त्यानें सांगितलेली मुदत संपेपर्यंत पक्षी कापूं नये व अंडींही खाऊं नयेत. मरतुकडा पक्षी "वांया कां घालवावा" म्हणून हांडींत घालण्याची जुनी खोड कांहीं घरांतून अजून गेलेली नाहीं. ती सर्वस्वीं सोडावी. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची सांथ आली, तेव्हांपासून अशी मरतूक लपविणें किती धोक्याचें आहे हें आपणांस ठाऊक आहे. मानमोडी म्हणजे राणीखेत या रोगाची लस तर प्रत्येक पिलास टोंचून घ्यावीच.

आतां स्वयंपाकाकडे वळूं. पक्षी गरम पाण्यांत बुडवून पिसें काढावीं, उरलेली लव जाळावर होरपळून घ्यावी, आणि हळद चोळून कातडीसह तुकडे करावे. दीड किलोच्या जिवंत पक्ष्याचें हाडांसह सुमारें एक किलो मांस निघतें. सहा माणसांच्या कुटुंबास तें पुरतें. कच्चें मांस वाहत्या पाण्याखालीं धुतांना शिंतोडे शेजारच्या भांड्यांवर व भाजीवर उडतात व रोगजंतू पसरतात, म्हणून हें काम चुलीपासून दूर करावें, आणि तीच सुरी कोशिंबिरीस वापरूं नये.

तुकड्यांस मीठ, हळद व आलें-लसणाचें वाटण चोळून अर्धा तास ठेवावें. पातेल्यांत दोन चमचे तेलावर चिरलेला कांदा परतून त्यांत मांस घालावें, व त्यास पाणी सुटूं लागलें म्हणजे खोलगट झांकण ठेवून झांकणांत पाणी ओतावें. तें पाणी तापलें कीं आंत सोडावें व झांकणांत दुसरें घालावें. थंड पाणी एकदम ओतूं नये. जाळ बारीक ठेवून दीड-दोन तासांनीं हाडापासून मांस सुटूं लागतें. ज्यांस वेळ नसेल त्यांनीं कुकरांत शिटी झाल्यावर बारीक आंचेवर पंचवीस मिनिटें ठेवावें. काम होतें, चूल मात्र चूलच.

या टप्प्यावर तिखट न घालतां जें निवळ पाणी काढतात तेंच अळणी. लहान मुलें, आजारांतून उठलेलें माणूस व बाळंतीण यांचा वांटा येथेंच काढावा, आणि चार मऊ फोडी त्यांत घालाव्या. उरलेल्या पातेल्यांत भाजलेला कांदा, सुकें खोबरें, तीळ व धने यांचें वाटण कांदा-लसूण मसाल्यासह परतून घालावें आणि एक चांगली उकळी आणावी. ज्वारीची वा बाजरीची भाकरी त्यांत चुरून खावी. खोबरें बेतानें घ्यावें. वर सांगितल्याप्रमाणें दाटी रश्श्यास आपसूक आलेली असते.

वाढण्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. पिलें जपणें, सांजेस खुराडें लावणें, खुडूक कोंबडी बसविणें हें सारें घरची बाई करते. आणि पुरुषांची पंगत उठल्यावर तिच्या वांट्यास मान, पंख व पातेल्याच्या बुडाचा रस्सा येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत (२०१९-२१) महाराष्ट्रांतील पंधरा ते एकुणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक रक्तक्षयानें पीडित आढळल्या. कोंबडीच्या काळजांत लोह विपुल असतें, व मांडीच्या मांसांत तें छातीच्या मांसाहून अधिक असतें. आणि नेमके हेच तुकडे पाहुण्यांच्या ताटांत जातात. वाढणारीनें आपला व मुलींचा वांटा आधीं झांकून ठेवावा, आणि घरधन्यानें त्यास मोठेपणानें संमति द्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

उरलेल्या हाडांचा व रश्श्याचा दुसऱ्या वेळीं भात होतो. रस्सा उन्हाळ्यांत दोन तासांहून अधिक बाहेर राहूं देऊं नये. थंड करून फ्रिजमध्यें ठेवावा व दुसऱ्या दिवशीं खळखळून उकळावा. त्यांत तांदूळ व मूठभर ओले वाटाणे घातले कीं वेगळें कालवण लागत नाहीं.

हें सारें घाटावरच्या रीतीचें झालें. कोंकणांत ओल्या नारळाचें वाटण घालतात, व सोबत तांदळाची भाकरी किंवा वडे असतात. शिजविण्याची वेळ मात्र तितकीच. अपवाद पोपटीचा. रायगड जिल्ह्यांत थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा मडक्यांत भांबुर्डीच्या पाल्यावर रचून भाजतात, व हौशी लोक मसाला लावलेलें कोंबडीचें मांस पाल्यांत गुंडाळून मधोमध ठेवतात. मडक्याचें तोंडही पाल्यानेंच बंद करून तें उपडें ठेवतात, आणि भोंवतीं पेंढा-पातेरा पेटवितात. अर्ध्या-पाऊण तासांत शेंगा होतात. येथें जून कोंबडा मुळींच चालणार नाहीं. तीन-साडेतीन महिन्यांचा कोंवळा नरच घ्यावा, त्याचे लहान तुकडे करावे, आणि मडकें उघडल्यावर हाडाजवळ लाली दिसली तर तेवढे तुकडे निखाऱ्यांवर पुनः भाजून मगच वाढावे.