इतिहास कुठल्या पुस्तकातून?

थोरल्याला २०१७ मध्ये, सहावीच्या वयात, शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलं, तेव्हा नातेवाइकांनी गणिताची काळजी केली. आमच्या घरात सर्वांत जास्त खडाजंगी झाली ती मात्र इतिहासावरून.

बालभारतीचं सातवीचं नवं पुस्तक त्याच वर्षी आलं होतं. मराठ्यांना त्यात ऐसपैस जागा मिळाली हे बरंच झालं. पण मुघल पार आक्रसले आणि त्यावरून वर्तमानपत्रांत वादही रंगला. आम्ही पडलो नगरचे. औरंगजेब १७०७ मध्ये मेला तो इथे, भिंगारला. पाव शतक तो दख्खनेत काय करत होता, या पोराच्या प्रश्नाला त्या पुस्तकातल्या ओळी पुरेनात. म्हणून एनसीईआरटीची पुस्तकं आणली. तिथे मुघल भेटले, पण निजामशाही भिंग घेऊन शोधावी लागली. शिवाय २०२२ मध्ये त्या पुस्तकांवरही कात्री चालली. घरी शिकवणारे बरेच पालक सुसान वाइज बाऊर यांचे ‘द स्टोरी ऑफ द वर्ल्ड’चे चार खंड वापरतात. प्राचीन ते आधुनिक असा सरळ काळाचा जिना. तो क्रम आम्ही उचलला, आणि पायऱ्या जिल्ह्यातल्या घातल्या.

जिल्हा याबाबतीत श्रीमंत. संगमनेरजवळच्या जोर्वे गावाच्या नावाने एक अख्खी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते. दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना साठ किलोंहून जास्त वजनाची ब्राँझची शिल्पं निघाली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांच्या रथात उभा माणूस. पुढे नेवासे, १४९० मध्ये वसलेलं निजामशाही नगर, १७९५ ची खर्ड्याची लढाई, १८०३ मध्ये वेलस्लीने घेतलेला भुईकोट, सिंथिया फरार यांच्याकडे शिक्षिकेचे धडे घेणाऱ्या सावित्रीबाई. अहिल्यादेवींच्या चौंडीला तर २०२४ नंतर, जिल्ह्याचं नावच बदलून त्यांचं झाल्यावर, जावंच लागलं.

खरा धडा मिळाला तो चांदबिबीच्या महालात. डोंगरावरची ती अष्टकोनी, तीन मजली इमारत सगळा गाव चांदबिबीची म्हणून दाखवतो. आहे ती सलाबतखानाची कबर. तळघरात उतरून कबर पाहिल्यावर धाकटीने विचारलं, “मग लोक खोटं का सांगतात?” खोटं नव्हे, ऐकीव, असं सांगून पाहिलं. तिला पटलं नाही. ऐकीव कुठे संपतं आणि पुरावा कुठे सुरू होतो, यावर परतीच्या वाटेवर दोघं भावंडं भांडत होती. कुठल्याही स्वाध्यायाने हे साधलं नसतं.

थोरल्याने १७ नंबरचा फॉर्म भरून २०२२ मध्ये बाहेरून दहावी दिली. दहावीचं पुस्तक उघडलं तर पहिलाच धडा इतिहासलेखनाचा! पुढे प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन. सनावळ्या पाठ करून आलेल्या मुलांना हे पुस्तक विचित्र वाटतं. याला मात्र साधनांची चर्चा घरचीच वाटली. मला विचाराल तर बालभारतीच्या अख्ख्या मालिकेत हेच पुस्तक सर्वांत धीट आहे, आणि ते फार उशिरा हातात येतं.

म्हणून धाकटीचा क्रम उलटा लावला आहे. दहावीतले ते इतिहासलेखनाचे धडे आधी सोपे करून, मग सहावीचं प्राचीन भारत. ती सध्या दायमाबादच्या रथाशी थांबली आहे. तो कोणी ओतला आणि कशासाठी, यावर अभ्यासकांचंही एकमत नाही हे कळल्यापासून ती मौर्यांकडे सरकायला तयार नाही.