बर्लिन जवळ, कन्नड लांब

कन्नडहून जुन्या रस्त्याने छत्रपती संभाजीनगरला निघालं की आधी वेरूळ, मग खुलताबाद, मग दौलताबाद लागतं. वेरूळच्या 21 क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे रामेश्वरात, शिव नाचतोय. दौलताबाद म्हणजे जुनी देवगिरी. तिथल्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्याचा सातवा अध्याय अख्खा नृत्याला दिला. पुढे शहराच्या कडेला औरंगाबाद लेणी. तिथल्या सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यातल्या शिल्पपटात मधोमध एक नर्तकी, कमरेत लचकून उभी, आणि तिच्या अवतीभवती सहा वादक. सहाही बाया. कुणी बासरी धरलीय, कुणाच्या हाती झांजा, कुणाच्या पुढ्यात तालवाद्य. पुरुष औषधालाही नाही.

इतका ऐवज दाराशी असलेल्या आमच्या कन्नड तालुक्यात बसून नव्या नृत्याचे गेल्या नव्वद वर्षांतले परदेश दौरे आठवायला घेतले, तर एक गोष्ट खटकत राहते. हे नृत्य देशातून उठून पॅरिसला गेलं, बर्लिनला गेलं. आमच्याकडे मात्र वळलंच नाही.

1930 मध्ये ॲलिस बोनर ही स्विस शिल्पकार नर्तक उदय शंकरांबरोबर भारतभर फिरली. दोघांनी कलाकार जमवले, वाद्यं जमवली आणि 1931 मध्ये पॅरिसला नृत्य कंपनीचा पडदा उघडला. बोनरबाई पुढे मूर्तींतच रमल्या. लेणी-मंदिरांतल्या शिल्पांच्या रचनेवर त्यांनी 1962 मध्ये पुस्तक काढलं, त्यात आमचं वेरूळ आहे.

पण मला जास्त ओढ आहे ती नर्तकी मेनकाची. मूळची लीला रॉय, बारिसालच्या बंगाली घरातली, लग्नानंतर सोखी. नवरा मुंबईच्या हाफकिन संस्थेचा संचालक. त्या काळी कथक म्हटलं की पांढरपेशे नाक मुरडायचे, कारण ते कोठ्यावरचं. या बाईने ते लखनौ घराण्याच्या गुरूंकडून रीतसर शिकून घेतलं, त्याला कथानक, वेशभूषा आणि समूह दिला आणि बॅले म्हणून उभं केलं. 1936 ते 1938 तिची कंपनी युरोपभर हिंडली. प्रयोगांचा आकडा साडेसातशेच्या घरात सांगतात. ज्याने नाटकाच्या गाडीतून चार गावं केलीत त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको: रोज नवं गाव, रोज नवा रंगमंच, रोज घुंगरांच्या आणि साजांच्या पेट्यांची चढउतार. ऑलिंपिकच्या वर्षी बर्लिनला भरलेल्या नृत्यस्पर्धेतही ही मंडळी होती. ते बर्लिन हिटलरचं होतं, हे विसरून चालणार नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत पूर्वेकडची काहीतरी गूढ कला बघायला आलेलेही पुष्कळ असणार.

त्या कंपनीत एक मराठी पोर होती, दमयंती जोशी. जन्म 1928 चा, म्हणजे युरोप पाहिला तेव्हा जेमतेम आठ-दहा वर्षांची. मोठेपणी तिने एकटीच्या बळावर कथकला मानाच्या मंचावर नेलं. 1970 मध्ये तिला पद्मश्री मिळाली. मेनकाने खंडाळ्याला काढलेलं नृत्यालयम मात्र युद्धाच्या काळात बंद पडलं आणि 1947 मध्ये तीही गेली. तिच्या दौऱ्याचे फोटो, जाहिराती, वर्तमानपत्रांतली कात्रणं शोधून नीट लावली ती जर्मनीतल्या अभ्यासकांनी. आपण खंडाळ्याला चिक्की घेतो.

स्वातंत्र्यानंतर सरकार कलाकार परदेशी पाठवू लागलं. 1952 मध्ये पुण्याच्या कथक नर्तकी रोहिणी भाटे शिष्टमंडळातून चीनला जाऊन आल्या. पण सरकारी तिकिटावर पहिला हक्क शास्त्रीय नृत्याचा. चौकट मोडू पाहणाऱ्यांना हात दिला तो परदेशी महोत्सवांनी आणि मॅक्स म्युलर भवनासारख्या जर्मन सांस्कृतिक संस्थांनी. 1984 मध्ये मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात पूर्व-पश्चिम नृत्यसंवाद भरला, तोही मॅक्स म्युलर भवनाच्याच पुढाकाराने. तिथून नर्तकी चंद्रलेखा नव्या जोमाने नृत्याकडे परतल्या. 1985 ला ‘अंगिका’, 2001 ला ‘शरीर’ या त्यांच्या नृत्यरचना. भरतनाट्यम्, योग आणि कलरीपयट्टू यांतून त्यांनी देहाची जी भाषा घडवली, ती जगभर पाहिली गेली. त्यांचा जन्म वाड्याचा. म्हणजे आमच्यासारख्याच एका तालुक्याच्या गावचा! मुंबईचे नर्तक अस्ताद देबू तर सत्तरहून अधिक देशांत नाचून 2020 मध्ये गेले.

यात कलाकारांना बोल लावण्यात अर्थ नाही. तिकडे प्रवासखर्च, राहणं, मानधन आधी ठरतं. इकडे जिल्ह्याच्या गावी ‘जेवणाची सोय करू’ इथेच बोलणं संपतं. शिवाय समकालीन नृत्य आमच्या लोकांना कळणार नाही, असं परस्पर ठरवून टाकलेलं असतं. हे मला साफ अमान्य आहे. तमाशाच्या फडात गणगौळणीपासून वगापर्यंत रात्रभर बसणारा, पखवाजावर वारकऱ्याची पावली धरणारा माणूस देहाची भाषा जाणतो. त्याला फक्त ती कुणी दाखवायला हवी.

छत्रपती संभाजीनगरात 1996 पासून महागामी गुरुकुल कथक आणि ओडिसी शिकवतंय, शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोह भरवतंय. वेरूळ-अजिंठा महोत्सवही बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर 2023 मध्ये पुन्हा भरला. संयोजकांना विनंती एवढीच, की महोत्सवाला आलेल्या मंडळींचा एक प्रयोग दुसऱ्या दिवशी साठेक किलोमीटर पुढे कन्नडला ठेवा. शाळेचं पटांगण मिळेल, दिवे मिळतील, माणसं तर येतीलच. सिमेंटवर नाचून गुडघे जातात, म्हणून खाली लाकडी तळ तेवढा लागेल. तो आमचे सुतार एका दिवसात ठोकून देतील.