टेकडीवर कोणते झाड लावावे?

चाकणच्या उद्योगवसाहतीलगत, शिंदे-वासुली परिसरात भामचंद्र डोंगर आहे. संत तुकाराम महाराजांच्या चिंतनस्थळांपैकी हे एक. पायथ्याच्या आसपास कारखाने, वर उघडे उतार. पावसाळा लागला की अशाच टेकड्यांकडे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी कुदळी घेऊन निघतात आणि रोपांचा खर्च बहुधा एखादे व्यापारी कुटुंब उचलते.

हेतू उत्तम, पण रोप कोणते? पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतील उंदीरमारी एकेकाळी सर्रास लावली गेली. टेकड्या लवकर हिरव्या झाल्या, मात्र त्या दाटीखाली देशी झुडपे मागे पडली. या कोरड्या उतारांना हिवर, खैर, पळस, बोर, आपटा मानवतात. आणि जेथे गवतच मूळचे आहे, तेथे खड्डा न घेणे बरे. चंडोल व तितर त्या गवतातच घरटी करतात.

राज्याने २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. लावलेली रोपे मोजणे सोपे. रोपाला खरी गरज पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत असते, आणि एप्रिलमध्ये विद्यार्थी परीक्षेत गुंतलेले असतात. म्हणून देणगी देताना निम्मी रक्कम पाण्याच्या टँकरसाठी व राखणदाराच्या पगारासाठी राखून ठेवावी.